दोन्ही हात ज्वारीत

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे. आम्ही तिला बाई म्हणत असू आणि ती मला बापू म्हणायची. आई-वडील गेले तेव्हा मी इतका लहान होतो की त्यांचे चेहरेही मला आठवत नाहीत. बाईचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला आणि ती माहेरी परत आली ती मला वाढवायला. पुढे तिनं दुसरा घरोबा केला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक पोट्टं हाय न मले. आनखी काहाले पायजे?" ते पोट्टं म्हणजे मी.

आमचं गाव धामणगाव रेल्वेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. बाई धामणगावला जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिन सुरू व्हायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत चालायचा. संध्याकाळी ती घरी येई तेव्हा तिच्या केसांवर, पदरावर कापसाची बारीक धूळ बसलेली असे, भुवयासुद्धा पांढऱ्या दिसत. मी हसायचो. तीही हसायची आणि मग खोकायची. त्या खोकल्यावर मी मॅट्रिक झालो आणि त्याच खोकल्यावर अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झालो. आमच्या वस्तीतच काय, आसपासच्या गावांतही आमच्या लोकांत तोवर कोणी बी.ए. झालेलं नव्हतं. निकाल कळला त्या दिवशी बाईनं जिनातल्या सगळ्या बायांना गूळ वाटला आणि घरी येऊन मला विचारलं, "आता हे बी.ए. म्हंजे काय असते, ते मले नीट सांग."

पण मला सांगायचं आहे ते बाजाराबद्दल.

माझ्या लहानपणी आमच्या गावाजवळ आठवड्याचा बाजार भरायचा. बाई मला बोटाला धरून न्यायची. पहिली दुकानं दिसू लागली की ती थांबायची, खाली वाकायची, माझे दोन्ही हात पाठीमागे न्यायची आणि बोटं बोटांत अडकवून द्यायची. "हात मांगं. कशालेच हात नोको लावू, बापू." मग आम्ही बाजारात शिरायचो.

त्याला कारण होतं. आमच्या वस्तीतल्या एका पोरानं एकदा गुळाच्या ढेपेला बोट लावलं होतं. ढेप विटाळली म्हणून त्याच्या बापाला भर बाजारात मार बसला. बाईनं तो पाहिला होता. आपल्या भावाच्या बोटांना चुकूनही कुठं जाता येऊ नये म्हणून तिनं ही युक्ती काढली होती. मला ती शिक्षा कधी वाटली नाही. थंडीत कानाला फडकं बांधावं तसे ती माझे हात बांधायची.

धान्याच्या दुकानासमोर आम्ही ओट्याखाली उभे राहायचो. बाकीचे लोक वर चढत, राशीत हात घालत, मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन फुंकर मारत, एखादा दाणा दाताखाली फोडून बघत. त्याला वानगी घेणं म्हणतात. वानगी पसंत पडली नाही तर मूठ राशीत परत टाकून ते सरळ शेजारच्या दुकानात जात. आम्हाला वानगी नव्हती. बाई पदर पसरायची, ओट्यावरचे शेटजी वरून ज्वारी ओतायचे आणि जे पडेल ते आमचं. कधी त्यात खडे निघत, कधी किडे. बाई रात्री सुपात घेऊन पाखडायची, पण दुकानदाराबद्दल एक शब्द बोलायची नाही.

अमरावतीला कॉलेजात असताना मला कोणी ओळखत नव्हतं. कोणी माझ्या हातांकडे बघत नव्हतं. तरी मी फळवाल्यापुढे उभा राहिलो की लांबूनच बोट दाखवायचो, "ती केळी द्या." वसतिगृहातला माझा खोलीसोबती मोठा गमत्या होता. तो म्हणायचा, "काहून बे, केळीले नवस बोलून राहिला का? हात लावून पाय न, कच्ची हायत का पिकली!" मी हसून वेळ मारून न्यायचो. त्याला वाटायचं ही माझी ऐट आहे. मलाही मग वाटू लागलं की ही माझी ऐटच असेल.

पुढे अकोल्याला कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. पत्नी मॅट्रिक होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळाली. वर्षभर तिथल्या वसतिगृहात राहायचं होतं आणि तिथं लेकराला घेऊन राहण्याची सोय नव्हती. मुलीला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. तेव्हा बाईच म्हणाली, "तिले शिकू दे. पावसाळ्यात जिन बंदच असते. मी येतो अकोल्याले." आमच्याकडच्या बायांच्या बोलण्यात असं 'मी येतो' सहज येतं. ती आली आणि घर तिनं हातात घेतलं.

बाई भित्री होती असं कोणी समजू नये. आम्ही धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीला नेणारी आमच्या वस्तीतली पहिली बाई तीच. म्हाताऱ्या माणसांनी तिला किती भीती घातली! कोप होईल, पोर दगावेल. ती देव सोडून आली, टोपली झटकली आणि त्याच टोपलीत गोवऱ्या भरून घरी आली. देवांना जी घाबरली नाही तिची बाजारातली सवय मात्र सुटली नव्हती. मनातून एक गोष्ट काढून टाकता येते. अंगात मुरलेली गोष्ट निघायला वेळ लागतो.

एका शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसानं सुटली. मी बाजारातून घरी येत होतो. समोर एका मिरच्यांच्या दुकानापाशी बाई पाठमोरी उभी होती, हातात पिशवी. तिच्या शेजारी माझी मुलगी. मुलीनं दोन्ही हात मागे नेले होते. तिचे हात इतके आखूड होते की ते पाठीमागे नीट पोचतही नव्हते. बोटांची टोकं तेवढी एकमेकांना शिवत होती. ती टोकं एकमेकांत अडकवण्यासाठी तिची धडपड चालली होती आणि त्यात ती मागच्या मागे डुलत होती.

बाईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "पाय बापू, कशी शहानी हाय! एकदाच सांगतलं मी. तू तं किती दिवस रडत होता!"

मी मुलीला कडेवर उचललं. जिनं मला माणूस केलं तिला मी काय सांगणार होतो? ती जे शिकवत होती ते द्वेषानं नव्हे, मायेनं शिकवत होती. पण घरी येईपर्यंत माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. हे माझ्यापर्यंत आलं ते आलं. माझ्या मुलीच्या अंगात ते मुरू द्यायचं नाही. बाकी तिला काय देता येईल ते मला माहीत नव्हतं, पण एवढं झालं नाही तर माझं बी.ए. होणं फुकट होतं.

पुढच्या वेळी अमरावतीला गेलो तेव्हा पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "बाईंले काही बोलू नका. त्यायचं मन दुखवू नका. त्या दिवाळीले जातील न, मग तुमीच न्या पोरीले बाजारात. तुमचं पाहून शिकन ते."

"अन् मी कोणाचं पाहून शिकू?" मी विचारलं.

ती हसायला लागली. "तेही खरंच हाय म्हना. तुमी अजून बोटानंच भाजी घेता."

दिवाळी झाली, जिन सुरू झाला आणि बाई गावी परत गेली. कचेरीच्या वेळात मुलीला शेजारच्या काकू सांभाळू लागल्या. पण बाजाराचं काम काकूंवर टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. आलेल्या पहिल्या सुटीच्या दिवशी मुलीला अंगडं-टोपडं घातलं, पिशवी घेतली आणि आम्ही दोघं निघालो.

बाजार आला. मी काही सांगण्याआधीच मुलीनं हात मागे नेले.

पहिल्यांदा आम्ही गेलो एका वांगीवालीकडे. थोराड, काळीसावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात वांग्यांची टोपली.

"वांगी द्या," मी म्हणालो.

"निवडून घ्या न, साहेब."

"तुम्हीच द्या निवडून."

"म्या तं किडकेबी देईन मंग! मंग म्हनसान, म्हातारीनं फसवलं." मग तिची नजर मुलीकडे गेली. "अवो, हे काहून हात मांगं लपवून उभी हाय? काय चोरलं व माय? पाहू दे!"

ती थट्टेनंच म्हणाली. मी टोपलीपाशी उकिडवा बसलो आणि मुलीला म्हणालो, "घे, वांगं घे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की बापाला नियम माहीत नाही. अगदी आत्याच्या आवाजात, बोट हलवता येत नव्हतं म्हणून मान हलवून, ती मला म्हणाली, "हात मांदं!"

"घ्या! बापालेच हुकूम!" वांगीवाली खो-खो हसली.

मग मी हात पुढे केला. खोटं का सांगू, तो हात टोपलीपर्यंत जायला जड गेला. मी घाईनं एका वांग्याचं देठच धरलं आणि देठाचा काटा बोटात घुसला. मी 'हाय' करून हात झटकला. वांगीवालीनं कपाळाला हात लावला. "काय साहेब, वांगं कधी पायलं नाई का? पोटाले धरा त्याले, पोटाले!" बापाला काय झालं ते बघायला मुलगी पुढे आली. तिनं एक हात मागून काढला, अंगठ्याजवळच्या बोटानं वांग्याच्या गुळगुळीत पोटाला हळूच शिवली आणि पटकन हात मागे घेतला. काही झालं नाही. पुन्हा शिवली. पुन्हा काही झालं नाही. मग तिनं दोन्ही हातांनी ते वांगं उचललं आणि छातीशी धरलं. ते तिनं घरापर्यंत सोडलं नाही आणि भाजीत घालू दिलं नाही.

त्यानंतर मात्र तिला धरून ठेवणं कठीण झालं. अडवलेलं पाणी सुटावं तसे तिचे हात सुटले. ती कांद्यांच्या ढिगात जाऊन बसे. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी उचलून नाकाला लावी आणि शिंकत सुटे. पेरूचा एक घास घेऊन पेरू परत टोपलीत ठेवी, अगदी नीट, खाल्लेली बाजू खाली करून. मला तो विकत घ्यावा लागे. त्या वयात लेकरांना नाही म्हणायचा जो नाद असतो तो तिलाही जडला होता. विचारलं तरी "नाई", न विचारलं तरी "नाई". मी कचेरीत आहे हे बाजारात सगळ्यांना कळलं होतं. आम्ही गल्लीत शिरलो की आलूवाला ओरडायचा, "सांभाळा हो! साहेब आले जप्ती घेऊन!" आणि ती जप्ती माझं बोट सोडून त्याच्याच आलूंवर धाव घ्यायची.

एकदा तिनं हिरवी मिरची चोळली आणि तोच हात डोळ्याला लावला. मग जो हंबरडा फोडला तो साऱ्या बाजारानं ऐकला. मिरचीवालीनं माठातलं पाणी आणलं, दुसरीनं पदर ओला करून डोळे पुसले, तिसरी मला रागावली. समोरचा गुळाचा दुकानदार गादीवरून उठून आला आणि त्यानं आपल्या हातानं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. त्याच्या बोटांना तिची लाळ लागली. ती त्यानं आपल्या धोतराला पुसली आणि तो परत जाऊन बसला. मी बराच वेळ तिथंच उभा होतो. मिरचीवाली म्हणाली, "आता तुमी काहून रडून राहिले? तुमच्याबी डोयात गेली का?" मी हो म्हणालो.

भाजीचं असं जमलं, पण धान्याचं राहिलं होतं. बाईनं जाताना पिंप भरून ज्वारी ठेवली होती, म्हणून मला दुकानाकडे जावं लागलं नव्हतं. भाजी विकणारी माणसं जमिनीवर बसतात. तुम्ही त्यांच्याजवळ बसलात की बरोबरीला येता. धान्याचं दुकान उंचावर असतं, गादी असते, तक्क्या असतो. मुलगी मोकळी झाली होती. माझीच एक पायरी चढायची राहिली होती. आणि मी चढलो नाही तर ती आज ना उद्या माझ्याकडेच बघून थांबणार होती, हे मला दिसत होतं.

पिंपाचा तळ लागला. एका सकाळी मी मुलीला घेऊन धान्यबाजारात गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. तरुण शेट उदबत्ती लावत होता. तक्क्याला टेकून एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पान लावत बसले होते. तरटावर ज्वारीची पांढरीशुभ्र रास होती. मी खाली, पायरीजवळ उभा राहिलो आणि पिशवीचं तोंड उघडून समोर धरलं.

"ज्वारी द्या."

तरुण शेटला काही कळेना. "साहेब, वर या न. खालीच काहून उभे? आधी पसंत तं करा!"

मी काही म्हणेपर्यंत मुलगी हाताचे-पायाचे चार पाय करून पायऱ्या चढली होती. रास बघून ती आनंदानं किंचाळली, तिच्याशेजारी फतकल मारून बसली आणि दोन्ही हात तिनं कोपरापर्यंत ज्वारीत खुपसले. मग ओंजळ भरून वर उडवली. दाणे आमच्या सगळ्यांच्या अंगावर पडले.

"घ्या! पोट्टीनं पेरनी सुरू केली!" शेट हसत म्हणाला.

तिला आवरायला म्हणून मी धावत वर चढलो. त्या आवाजानं म्हातारे गृहस्थ वळले आणि मी त्यांना ओळखलं. आमच्या बाजारातले तेच शेटजी. त्यांच्याच ओट्याखाली मी बाईबरोबर उभा राहत असे. अकोल्याचं हे दुकान त्यांच्या जावयाचं होतं, हे मला कुठून माहीत असणार!

त्यांनी चष्मा सारखा केला. "तू तं..." त्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं. "तिकडचाच न रे? त्या जिनातल्या बाईचा भाऊ?"

माझे हात आपोआप मुलीकडे गेले. तिला राशीतून ओढून काढावं, उचलावं आणि खाली उतरावं, एवढंच त्या क्षणी माझ्या अंगाला सुचलं. मी तिची मनगटं धरायला ज्वारीत हात घातले. तिनं वर पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "नाई!"

मी थांबलो. माझे दोन्ही हात ज्वारीतच होते. ज्वारी आतून थंड होती. राशीच्या आत ज्वारी इतकी थंड असते हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

"हो," मी म्हणालो. "तिचाच भाऊ. ही तिची भाची."

म्हाताऱ्यांनी पान तोंडात घातलं. त्यांची नजर राशीवर होती, आमच्या हातांवर. जावयाला त्यातलं काय कळलं आणि काय नाही, कोण जाणे. तो म्हणाला, "मामाजी, गिऱ्हाईक हायत ते. बोहनीचा वखत हाय. साहेब, वानगी पाहा न तुमी."

मी मूठ भरून वर काढली. लहानपणी खालून पाहिलेलं सगळं मला पाठ होतं. तळहातावर पसरली, फुंकर मारली, एक दाणा उचलून दाताखाली धरला. टच्च फुटला. गोड होता. मुलीनंही दाणे तोंडात कोंबले आणि माझ्यासारखीच गंभीर होऊन चावू लागली.

"कशी हाय?" शेटनं विचारलं.

मी म्हणालो, "नाही आवडली."

"नाई आवडली?" त्याच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. "अहो साहेब, अख्ख्या बाजारात अशी जवारी नाई!"

"दुसरी दाखवा."

त्यानं आतून पोतं ओढून आणलं. त्यातही मी हात घातला, फुंकर मारली, दाणा चावला. मुलीनंही चावला.

"ही पण नको."

"सकाळी सकाळी तुमी नाईच म्हनून राहिले, साहेब!" शेट कुरकुरला. "हे पोट्टी नाई म्हंते, तुमीबी नाई म्हंता!"

तेवढ्यात म्हातारे शेटजी बोलले. सावकाश, पान गालात सरकवून. "पयलीच चांगली हाय. मी सोता आनली गावाकडून. तुमच्याच गावच्या वावरातली हाय ते."

'तुझ्या' नव्हे, 'तुमच्या' म्हणाले ते. मला ते स्पष्ट ऐकू आलं आणि त्यांनाही आपण काय म्हणालो ते ऐकू आलं असावं, कारण ते पुन्हा पानाच्या डब्यात बघू लागले.

"असेल," मी म्हणालो. "पण आज नको." आणि मुलीला उचललं.

तिनं आकांत मांडला. तिला ती रास सोडायची नव्हती. दोन्ही मुठी तिनं ज्वारीनं गच्च भरून घेतल्या होत्या. मी त्या सोडवू लागलो तर शेट म्हणाला, "राहू द्या हो, नेऊ द्या तिले. वानगी म्हनून नेऊ द्या." मी पायऱ्या उतरलो. हातात रिकामी पिशवी, कडेवर रडणारं लेकरू, आणि मी भर रस्त्यात मोठमोठ्यानं हसत होतो. लोक वळून बघत होते. बघू देत. आमच्या सात पिढ्यांत ज्वारीला हात लावून, चाखून, 'नको' म्हणून उठून आलेला मी पहिला माणूस होतो. बी.ए.चा निकाल लागला तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं.

घरी शेजारच्या काकूंनी रिकामी पिशवी पाहिली. "जवारी कुठी हाय?"

"नाकारली."

"काहून? किडकी होती?"

"नाही हो. फारच चांगली होती."

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जास्त शिकल्यानं असंच होते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या घरच्या दोन भाकरी आणून दिल्या.

दुपारी मुलगी झोपल्यावर मी बाईला पत्र लिहायला बसलो. जे तिला तोंडावर सांगायचा धीर झाला नव्हता ते आता सांगायला हवं होतं, नाही तर पुढच्या पावसाळ्यात ती येऊन पुन्हा तेच शिकवणार होती. बाईला वाचता येत नसे. गावचे गुरुजी तिच्या अंगणात बसून माझी पत्रं मोठ्यानं वाचत आणि सारी वस्ती ऐकायला जमे. म्हणून ते पत्र मी आपल्या घरच्या बोलीत लिहिलं. बाईनं ते जपून ठेवलं, त्यामुळे मला ते इथं जसंच्या तसं देता येतं.

तीर्थरूप बाईस,

तुह्या भावाचा अन् भाचीचा जयभीम.

इकडे सारे बरे हावोत. पोरीचा खोकला गेला. तिच्या मायची परीक्षा जवळ आली, ते रातदिवस अभ्यास करून राहिली.

बाई, आज मी जवारी घ्याले गेलो होतो. दुकानात आपल्या बाजारातले शेटजी भेटले. त्यायच्या जावयाचं दुकान हाय इथं. त्यायनं मले वळखलं. जिनातल्या बाईचा भाऊ का, म्हने. म्या हो म्हनलं. पोरीनं तवा राशीत दोन्ही हात घातले होते, कोपरापावतर. मंग म्याबी घातले. कोनी काही म्हनलं नाई. म्या दाना चावून पायला अन् जवारी नापसंत केली. एक नाई, दोन-दोन. शेटजी मले तुमी म्हनले. गुरुजी, हे वाक्य जरा जोरानं वाचा.

बाई, तुले एक सांगतो, राग नोको मानू. तू मले बाजारात हात मांगं ठेवाले शिकवलं म्हनून मी धडधाकट राह्यलो अन् शाळेत गेलो. तू नसती तं मी कुठी असतो, मले ठाव नाई. तवा तेच बरोबर होतं. पन पोरीले आता ते नोको शिकवू. तिले त्याची गरज नाई पडत, हे म्या सोताच्या डोयानं पायलं. ते बाजारात समद्यायच्या टोपलीत हात घालते अन् समदे तिले वळखतात. तुले राग आलाच तं इथं येऊन माह्या तोंडावर रागव, तिकडे एकटी बसून नोको रागवू.

अन् यासाठी नाई तं दुसऱ्या कामासाठी तरी ये. घरात जवारी नाई. आज नाकारली ते खरं म्हंजे लय चांगली होती, आपल्याच गावची होती. मले नाकारता आली, पन पारख काई येत नाई. तुले येते. इतके वर्स तू सुपातली पाखडून पाखडून जे शिकली, ते कोनत्याच शेटले येत नसन. जिनातून दोन-चार दिवसाची सुट्टी काढ. माह्या सुट्टीच्या दिवशी आपून तिघं जाऊ. तू पायऱ्या चढून वर चाल, गादीपाशी बस अन् दुकानदाराले समदे पोते खोलाले लाव. तुले पसंत पडन ते घेऊ. नाई पडली तं दुसऱ्या दुकानात जाऊ. अकोल्यात दुकानं लय हायत अन् मले त्या दिवशी कचेरी नाई.

कोन्त्या गाडीनं येतं ते कळव. मी पोरीले घेऊन टेसनावर येतो.

तुहा
बापू